खोऱ्याची आणि खडूची शाळा
रयत शिक्षण संस्थेची वाटचाल : कमवा-शिका आणि सेवकधर्म

रयत शिक्षण संस्थेत नव्याने रुजू होणाऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक शब्द शिकावा लागतो. इथे कर्मचारी नसतात, सेवक असतात. प्राचार्य सेवक, वसतिगृहाचा रेक्टर सेवक, ऑफिसातला लेखनिक सेवक, आणि शाळेची घंटा देणारे मामाही सेवकच. जोडीला दुसरा शब्द कानावर येतो तो म्हणजे ‘कमवा आणि शिका’. पहिला शब्द शिकवणाऱ्यांसाठी आहे, दुसरा शिकणाऱ्यांसाठी. संस्थेचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास या दोन शब्दांत मावतो, असे मला मनापासून वाटते. औताला बैलांची जोडी लागते; एकच बैल जुंपला तर जू तिरके होते आणि तास वाकडा जातो. मुलांच्या हातांना काम देणे आणि त्यांना शिकवणाऱ्या माणसांना आधार देणे, ही संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील ऊर्फ अण्णांनी एका जुवाखाली जुंपलेली जोडी आहे. या लेखात ती जोडी कशी जमली आणि कशी चालली, तेवढे सांगायचे आहे.

नांगर विकणारा माणूस

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. शिक्षणासाठी ते कोल्हापुरात राहिले, पण शाळेतल्या इयत्तांपेक्षा राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरानेच त्यांना अधिक शिकवले. जातीजातींच्या मुलांसाठी तिथे वसतिगृहे उघडत होती. गरिबाचे पोर शिकायचे असेल तर शाळेच्या आधी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय व्हायला हवी, हे त्यांनी तरुणपणीच डोळ्यांनी पाहिले.

पुढची काही वर्षे त्यांनी पोटासाठी जे उद्योग केले, त्यांचा विचार संस्थेच्या इतिहासात फारसा होत नाही. तो व्हायला हवा. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या. ओगल्यांच्या काचकारखान्याच्या मालासाठी ते फिरले. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घेऊन ते खेडोपाडी हिंडले. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. नांगराची थोरवी नुसती बोलून शेतकऱ्याला पटत नाही. तो रानात घालून चालवून दाखवावा लागतो. मातीत उतरून दाखवल्याशिवाय शब्दाला किंमत नाही, ही त्या रानातली शिकवण त्यांच्या शाळांतही उतरली. या हिंडण्यात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. कष्ट कसे करायचे ते या रयतेला कुणी शिकवायला नको होते. त्या कष्टाचे मोल जाणणारी शाळा तेवढी तिच्या वाट्याला आली नव्हती.

संस्थेची पहिली चाहूल लागली ती दूधगावात. १९१० च्या सुमारास तिथे सहकाऱ्यांसह त्यांनी शिक्षण मंडळ उभे केले आणि मुष्टिफंडाची प्रथा चालवली. घरातल्या बाईने दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते मुलांच्या वसतिगृहाला द्यायचे. मूठभर जोंधळ्याने कुणाचे घर बुडत नाही. पण गावातल्या सगळ्या मुठी एकत्र आल्या की पोरांच्या ताटात भाकरी पडते. या वसतिगृहाची पहिली देणगीदार अशी जात्यापाशी बसलेली होती.

काले, १९१९

४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमी. कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. सत्यशोधक विचाराच्या मेळ्यात ठरलेले काम दसऱ्याच्या मुहूर्ताला प्रत्यक्षात आले. संस्थेच्या नावातला ‘रयत’ हा शब्दच पुरेसा बोलका होता. ही संस्था कुणासाठी आहे, हे वेगळे सांगण्याची गरज राहिली नाही.

स्थापनेच्या वेळची उद्दिष्टे आजही वाचण्यासारखी आहेत. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी लावणे, गरीब मुलांना शक्यतो फुकट शिक्षण देणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत प्रेमभाव वाढवणे, अयोग्य रूढींना फाटा देणे, आणि मुलांना काटकसरी, स्वावलंबी व उद्योगी बनवणे. यात परीक्षा, गुण, नोकरी यांचा उल्लेख नाही. काटकसर, स्वावलंबन आणि उद्योग मात्र ठळकपणे आहेत. हे गुण धड्यावर प्रश्नोत्तरे लिहून येत नाहीत. ते रोजच्या कामातच अंगी बाणतात, आणि म्हणून संस्थेने कामालाच वर्गाचा दर्जा दिला.

बोर्डिंगातली चूल

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यात आले आणि तिथले बोर्डिंग सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतले ते बोर्डिंग म्हणजे संस्थेचे खरे गर्भगृह. तिथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी, धनगर अशा सगळ्या घरांतली मुले एका पंगतीला बसत. नुसती बसत नसत, तर एकमेकांनी रांधलेले खात. त्या काळी हे किती अवघड होते याची कल्पना आजच्या विद्यार्थ्याला क्वचितच येईल.

बोर्डिंगातली मुले दळत, पाणी भरत, स्वयंपाक करत, भांडी घासत, झाडलोट करत, कपडे धूत. वरवर पाहता हा गरिबीचा संसार. पण त्यात काय काय शिकले जात होते, ते जरा मोजून पाहू. पन्नास माणसांना किती पीठ लागेल, आमटीला किती डाळ घालावी, कोठीतला साठा महिनाअखेर पुरेल की नाही, हा अंकगणिताचा तास. कुणाच्या पाळीला कोणते काम द्यावे, कामचुकाराला कसे सांभाळून घ्यावे, हा कारभाराचा तास. आणि जन्मभर ज्याच्या सावलीला उभे राहू दिले नाही, त्याच्या हातची भाकरी खाणे, हा सर्वांत मोठा धडा. तो शिकवायला चूलच लागते.

या चुलीमागे लक्ष्मीबाई भाऊराव पाटील होत्या. त्या सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या जैन घरातल्या. सर्व जातींच्या पोरांची त्या आई झाल्या. बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा त्यांचे दागिने गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या कागदोपत्री त्यांचा हुद्दा काहीच नव्हता. पण ‘सेवक’ या शब्दाचा अर्थ संस्थेला कुणी शिकवला असे कुणी विचारले, तर मी पहिले नाव लक्ष्मीबाईंचे घेईन. म्हणूनच या संस्थेत सेवकाचा विचार करताना त्याच्या घराचा, चुलीचा, मुलाबाळांचा विचार टाळता येत नाही. मागे कुणाचे तरी घर झिजते, तेव्हाच पुढे शाळा उभी राहते.

आधी शिक्षक घडवू

विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे निघाली, पण खेड्यांत शाळाच नव्हत्या, आणि शाळा काढल्या तर शिक्षक कुठून आणायचे? शहरात शिकलेला मास्तर खेड्यात जायला नाखूश. गेला तरी दिवस मोजणार. अण्णांनी याचे उत्तर शोधले ते शेतकऱ्याच्या घरातच. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज उघडले. खेड्यातून आलेल्या तरुणाला शिक्षक म्हणून तयार करायचे आणि खेड्यातच परत धाडायचे, असा त्यामागचा हेतू. पुढे शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले, आणि १९५५ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. संस्थेचे स्वतःचे पहिले हायस्कूल १९४० चे, पहिले कॉलेज १९४७ चे. म्हणजे हायस्कूल काढण्याच्या पाच वर्षे आधी संस्थेने शिक्षक घडवण्याची शाळा काढली. विहिरीला पाणी लागण्याआधी मोट शिवून ठेवणाऱ्या शेतकऱ्याची ही दूरदृष्टी.

त्या दूरदृष्टीचे फळ लवकरच दिसले. खासगी प्रयत्नातून खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा काढण्याला मुंबई सरकारने मदत देऊ केली, तेव्हा रयत संस्थेकडे पाठवायला माणसे तयार होती. जिथे एकही शाळा नव्हती अशा डोंगरकपारीच्या गावांत संस्थेने तब्बल ५७८ व्हॉलंटरी शाळा चालवल्या. चावडीत, देवळात, कुणाच्या गोठ्यात भरणाऱ्या या शाळा. पुढे सरकारने प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी घेतली आणि या शाळा स्कूल बोर्डाकडे गेल्या. संस्थेने त्यावर हक्क सांगितला नाही. शाळा गावाच्या होत्या, गावाकडे राहिल्या.

व्हॉलंटरी शाळेतल्या एकट्या मास्तराची कल्पना करून पाहा. चार इयत्ता, एक खोली, एक फळा. पगार तुटपुंजा. गावात काहींचा विरोध, काहींची थट्टा. अशा माणसाला टिकवायला प्रमाणपत्र पुरत नाही. आपल्यामागे कुणीतरी उभे आहे हा विश्वास लागतो. ट्रेनिंग कॉलेजात एकत्र राबलेल्या, एका पंगतीत जेवलेल्या माणसांमध्ये तो विश्वास आपोआप तयार झालेला असे. प्रशिक्षण म्हणजे पाठ घेण्याची पद्धत शिकणे, एवढेच संस्थेने कधी मानले नाही. सोबत्यांची गाठ बांधून देणे हाही तिच्या लेखी प्रशिक्षणाचाच भाग होता.

हायस्कूल आणि कॉलेज, खोऱ्यावर उभे राहिलेले

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर चालणारी ही मोफत निवासी माध्यमिक शाळा. १९४७ च्या जूनमध्ये, स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. कॉलेजचे शिक्षण तोवर ज्यांच्या बापजाद्यांना स्वप्नातही दिसले नव्हते, ती मुले आता खोरे-पाटी उचलून कॉलेजची जमीन सपाट करू लागली आणि त्याच जमिनीवर वर्गात बसू लागली. दगड फोडणे, चर खणणे, बांध घालणे, शेत पिकवणे, इमारतीला हात लावणे, ही सगळी त्यांची फी होती.

इथे एक फरक समजून घ्यावा. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीम मांडली. त्यात हस्तोद्योग हे शिकवण्याचे माध्यम होते. चरख्याच्या आधाराने गणित, भूगोल, इतिहास शिकवावा, अशी ती योजना. रयतेत श्रमाची सुरुवात गरजेतून झाली. मुलाकडे पैसा नाही, पण हात आहेत. तर त्या हातांनी त्याने आपले शिक्षण विकत घ्यावे, कुणाचे उपकार घेऊ नयेत. दोन्ही विचार एकमेकांचे सोबती आहेत, पण रयतेच्या वाटेवर एक गोष्ट अधिक ठळक होती. तिथे श्रम करणाऱ्या मुलाचा स्वाभिमान जपला जाई. दान घेऊन शिकलेला मुलगा आयुष्यभर वाकून राहू शकतो. घामाने शिकलेला ताठ उभा राहतो. संस्थेचे ब्रीद ‘स्वावलंबी शिक्षण’ असे आहे, त्यामागे हा विचार आहे.

हे काम मुलांकडून कोण करून घेई, हा प्रश्न मात्र आपण अनेकदा विसरतो. मुकादम नेमून हे झाले नसते. रेक्टर आणि प्राध्यापक स्वतः खोरे घेऊन उतरत, तेव्हा मुले उतरत. प्राध्यापक एन. डी. पाटील १९५४ ते १९५७ या काळात शिवाजी कॉलेजात शिकवत होते आणि तिथल्या कमवा-शिका योजनेचे प्रमुख व रेक्टरही होते. पुढे सीमाप्रश्नापासून शेतकऱ्यांच्या लढ्यांपर्यंत महाराष्ट्राने त्यांना ओळखले, आणि संस्थेच्या चेअरमनपदाची धुराही त्यांनी दीर्घकाळ वाहिली. सकाळी मुलांबरोबर रानात आणि दुपारी वर्गात, अशी त्यांच्यासारख्यांची जडणघडण इथली. विद्यार्थ्याच्या हातातले कौशल्य शिक्षकाच्या हातातून उतरते. शिक्षकाचे हात स्वच्छ राहिले आणि मुलांनीच तेवढी माती उकरली, तर ती शिक्षा होते. शिक्षणाशी तिचा संबंध उरत नाही.

सेवकाचा संसार

पोटाला चिमटा घेऊन काम करणाऱ्या सेवकाला संस्थेने वाऱ्यावर सोडले नाही, ही आपल्या इतिहासातली माझ्या लेखी सर्वांत मोलाची गोष्ट. १९४० मध्ये लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली. सेवकांनी आपल्या थोड्याशा पगारातून थोडेसे बाजूला काढायचे आणि त्यातून गरजूंच्या शिक्षणाला कर्ज द्यायचे. आज ज्या रयत सेवक को-ऑपरेटिव्ह बँकेकडे सेवक मुलीच्या लग्नाला, घराला, आजारपणाला धाव घेतात, तिचे मूळ या पतपेढीत आहे. दूधगावची मूठभर जोंधळ्याची रीत इथे पगाराच्या पाकिटातून पुढे चालू राहिली. ज्या लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र बोर्डिंगसाठी गेले, त्यांच्याच नावाने पुढच्या सेवकांच्या घरची अडचण भागू लागली. संस्थेने त्या माउलीचे ऋण असे फेडले.

आजीव सेवकांची परंपराही याच काळातली. संस्थेला आयुष्य वाहिलेल्या या मंडळींनी मोजका पगार घेतला, सांगितल्या शाखेत जाऊन राहिले, नवी शाखा उघडायची तर पहिली रात्र तिथल्या देवळात काढली. त्यांना आधार होता तो कारभारातल्या वाट्याचा. संस्थेचे निर्णय घेणाऱ्या बैठकीत आजीव सेवकांना स्थान होते. ज्याच्या कष्टावर संस्था चालते त्याचा आवाज तिच्या कारभारात असावा, इतका साधा हा न्याय आहे. तो अंमलात आणणे मात्र सोपे नसते.

या सेवकांतून नवी झाडेही निघाली. बापूजी साळुंखे रयतेत घडले आणि १९५४ मध्ये कोल्हापुरात त्यांनी स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली. आपला माणूस बाहेर पडून दुसरी संस्था उभारतो, याचे दुःख मानावे की अभिमान, हा प्रश्न कुठल्याही संस्थेला पडतो. मी त्याकडे अभिमानाने पाहतो. बियाणे चांगले असेल तर ते बांधापलीकडेही उगवते.

अनुदान थांबले तेव्हा

१९४८ नंतर संस्थेवर कठीण काळ आला. तेव्हाच्या मुंबई सरकारशी मतभेद झाले आणि अनुदान थांबले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा अण्णांचा संकल्प होता. नेमक्या त्या वेळी तिजोरी रिकामी झाली. अण्णा गावोगाव फिरले. लोकांनी धान्य दिले, पैसे दिले, जागा दिल्या. संत गाडगेबाबा पाठीशी उभे राहिले. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे, त्यामागे ही कृतज्ञता आहे.

त्या दिवसांत संस्था कोसळली नाही, कारण तिचा भार पैशावर कमी आणि माणसांवर जास्त होता. मुले स्वतः पिकवून खात होती, सेवक आहे त्यात भागवत होते. सुगीच्या वर्षांत लावलेली सवय दुष्काळात उपयोगी पडली.

१९५९ मध्ये भारत सरकारने अण्णांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

आज आणि उद्या

आज महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकातही संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे, अध्यापक विद्यालये, तंत्रशिक्षण यांचे हे जाळे चालवायला हजारो सेवक लागतात. कमवा-शिका योजना संस्थेपुरती राहिली नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने ती कर्मवीरांच्या नावानेच राबवली आणि संलग्न महाविद्यालयांतल्या गरीब मुलांना तिने आधार दिला.

आजचा कमवा-शिका विद्यार्थी दगड फोडत नाही. तो ग्रंथालयात पुस्तके लावतो, कार्यालयात नोंदी करतो, प्रयोगशाळेत मदत करतो, बागेत झाडे जगवतो, मेसचा हिशोब ठेवतो. काळ बदलला तसे काम बदलले, हे योग्यच आहे. पण जपायला हवे ते एक सूत्र. मुलाला दिलेले काम खरे असावे. त्या कामावाचून कुणाचे तरी अडायला हवे. केवळ तास भरण्यासाठी दिलेले काम मुलाला लगेच कळते, आणि मग हातात येते ते मानधन. कौशल्य येत नाही. झाड जगले की मेले, हिशोब जुळला की नाही, यंत्र चालले की बंद पडले, याचे उत्तर ज्याला द्यावे लागते, तोच शिकतो.

सेवकांबद्दलही तितक्याच मनापासून बोलायला हवे. राज्यभर आज अनेक तरुण शिक्षक तासिका तत्त्वावर, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर काम करतात. २००० पासून शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काही वर्षे काढण्याची रीतही रुळली. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मुलाच्या हातात धीराने कौशल्य कसे उतरवायचे? हा प्रश्न एका संस्थेने सुटणारा नाही. पण ज्या संस्थेने हायस्कूलच्या आधी शिक्षकांची शाळा काढली, पतपेढी काढली, सेवकाला कारभारात स्थान दिले, तिने या तरुणांच्या पाठीशी सर्वांत आधी उभे राहावे, ही अपेक्षा तिच्याच इतिहासातून निघते. नव्या शिक्षकाला एका अनुभवी सेवकाच्या सोबतीला द्यावे, कामाच्या पद्धती शिकण्यासाठी त्याला सवड द्यावी, आणि घंटा देणाऱ्या मामांच्या मुलालाही संगणकाच्या खोलीत हक्काची जागा असावी. या गोष्टींना पैशापेक्षा मन अधिक लागते.

शेवटी एक विनंती. आपल्या शाखांच्या अहवालांत निकालाची टक्केवारी असते, गुणवंतांची यादी असते. इथून पुढे त्यात दोन पाने वाढवावीत. पहिल्या पानावर त्या वर्षी मुलांनी हाताने काय केले ते लिहावे: किती झाडे जगवली, कोणती भिंत बांधली, कुणाचा पंप दुरुस्त केला, किती जणांचे जेवण रांधले. दुसऱ्या पानावर त्या वर्षी सेवक काय नवे शिकले, कोण कुणाच्या अडीअडचणीला धावले, ते लिहावे. त्यात शिपाई मामांचे आणि स्वयंपाकघरातल्या मावशींचे नाव असावे. शंभर वर्षांनी कुणी आपला इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला लक्ष्मीबाईंसारखी माणसे शोधत आठवणींच्या मागे फिरावे लागू नये. त्यांची नोंद आपल्या हातून, आपल्याच वहीत, आजच झालेली असावी.